शिकलो असतो त...

बाबांच्या शर्टाला बाराही महिने लाल मिरचीचा वास येतो. पूर्व नागपुरातल्या कळमना मार्केट यार्डात ते हमाल आहेत. संत्री, धान्य, भाजी, सगळंच तिथे उतरतं, पण बाबा मिरचीत. भिवापूरकडची मिरची यायला लागली की ते घरात शिरण्याआधी त्यांचा ठसका शिरतो.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी व्याकरण घेऊन बसायचो. कंडिशनल्स डोक्यात जात नव्हते. झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड, नुसती नावं पाठ. शेवटी पुस्तकातली उदाहरणं सोडली आणि यार्डातली घेतली.

पोतं फुटलं तर ठसका लागतो. नेहमीच लागतो, म्हणून इंग्रजीत दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. हा झिरो.

पाऊस आला तर मिरची भिजेल. ‘इफ इट रेन्स, द चिलीज विल गेट वेट.’ हा फर्स्ट. इथे मी हमखास ‘इफ इट विल रेन’ लिहायचो. पण आपण तरी कुठे ‘पाऊस येईल तर’ म्हणतो? पाऊस अजून यायचाय, तरी ‘आला तर’ म्हणतो. म्हणजे अट घालताना आपणही भविष्यकाळ टाळतो. हे दिसलं आणि चूक सुटली.

खरा घोळ पुढे होता. ‘माझ्याकडे ट्रक असता तर मिरची मुंबईला नेली असती.’ हे आजचं स्वप्न की गेल्या वर्षीची हळहळ? मराठीत दोन्ही ‘असता तर’मध्ये मावतं. इंग्रजी मात्र विचारते, आजचं बोलतोयस की होऊन गेलेलं? आजचं असेल तर ‘इफ आय हॅड अ ट्रक, आय वुड टेक’. हा सेकंड. वेळ निघून गेली असेल तर ‘इफ आय हॅड हॅड अ ट्रक, आय वुड हॅव टेकन’. हा थर्ड.

तेव्हा बाबांचं नेहमीचं वाक्य आठवलं. ‘मी शिकलो असतो त काट्याची चिठ्ठी मीच वाचली असती.’ लहानपणापासून ऐकत आलेलं. मी वहीत लिहिलं, ‘इफ आय हॅड लर्न्ड टू रीड, आय वुड हॅव रेड द स्लिप मायसेल्फ.’ पक्का थर्ड.

बाबा जेवून शेजारी टेकले. “काय लिहून राहिला रे?”

“तुमचंच वाक्य, इंग्रजीत.”

“मंग? काय म्हणते ते?”

“म्हणजे, ते होऊन गेलं. आता काही होत नाही.”

बाबा थोडा वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “असं मी कुठं म्हटलं?”

मला उत्तर देता आलं नाही. व्याकरण बरोबर होतं. पण इतकी वर्षं ते वाक्य ऐकून मी एकदाही विचारलं नव्हतं की बाबा, आजचं बोलताय की कालचं? शाळेत गेलो, कॉलेजात गेलो, आणि ते होऊन गेलेलं आहे हे मीच परस्पर ठरवून टाकलं होतं.

मी ती ओळ खोडली. खाली लिहिलं, ‘इफ आय कुड रीड, आय वुड रीड द स्लिप मायसेल्फ.’

आता रात्री आम्ही काट्याच्या जुन्या चिठ्ठ्या घेऊन बसतो. आकडे त्यांना आधीपासून येतात, अक्षरं जड जातात. परवा ‘मिरची’ वाचताना एकाच शब्दात दोन वेलांट्या आल्या आणि बाबा वैतागले. “याच्यापेक्षा पोतं हलकं.”

चिठ्ठी घडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली.

“उद्या लवकर आलो त पुढची वाचू.”