गिटारीचा पट्टा

आमच्या घरांत पेटी आहे, तबला आहे, आमच्या आजोबांची तडकलेल्या भोपळ्याची सतारही माळ्यावर आहे. परंतु गिटार हें वाद्य गेल्या वैशाखांत प्रथमच आलें. मुंबईहून येतांना आमच्या धाकट्या बंधूंनीं तें थोरल्या नातवासाठीं आणलें. बसून वाजविण्यास कांहींच अडचण नव्हती. पं. ब्रिजभूषण काब्रा गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवीत, आणि स्पेनचे सेगोव्हिया डावा पाय लहानशा चौरंगीवर टेकून बसत. परंतु गणेशोत्सवांतील आळीच्या कार्यक्रमांत आमच्या नातवास उभें राहून वाजवावयाचें होतें. तो आमच्यापाशीं येऊन म्हणाला, "आजोबा, पट्टा पाहिजे."

उभ्यानें वाजविण्याचीं वाद्यें आम्हां रत्नागिरीकरांस नवीं नाहींत. शिमग्यांत खेळे मृदंग अंगास बांधून रात्र रात्र नाचतात. अखंड हरिनाम सप्ताहांत वीणा भुईस टेकत नाहीं. एकाच्या गळ्यांतून निघाली कीं ती दुसऱ्याच्या गळ्यांत जाते. मग गिटारीच्या पट्ट्याचें तें एवढें काय, असें आम्हांस वाटलें. ३० वर्षें मुलांस संधि-समास जोडावयास शिकविलेल्या माणसास हें जोडकाम अवघड कां जावें?

राम आळींत हिंडलों. नायलॉनचा पट्टा स्वस्त खरा, पण सदऱ्यावरून घसरतो, आणि अरुंद असला तर खांद्यास कांचतो. साधी गिटार २ किलोंच्या आसपास भरते. तासभर उभें राहिलें म्हणजे त्या २ किलोंचे दहा होतात. म्हणून २ इंच रुंदीचा चामड्याचा पट्टा घेतला. चामडें देवघराजवळ ठेवूं नये असें घरांतून बजावण्यांत आलें. पखवाजाचें तोंड कशानें मढवितात, हें आम्हीं विचारलें नाहीं.

आमच्या गिटारीस खालच्या टोकाला एकच खुंटी होती. दुसरें टोक कोठें अडकवावयाचें? तारा जेथें पिळावयाच्या खुंट्यांकडे वळतात त्या पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे, तारांखालून नाडी ओंवून, तें बांधण्याची रीत आहे. तें आम्हीं उत्तम साधलें. खालचें टोक मात्र हट्टास पेटलें. नव्या चामड्याचें भोंक खुंटीच्या डोक्याहून लहान; अंगठा दुखेपर्यंत दाबलें तरी चढेना. तेव्हां आम्हीं चाकू घेतला आणि भोंकालगतची चीर थोडी वाढविली. पट्टा चटकन् बसला. आम्हांस आपल्या युक्तीचें कौतुकच वाटलें.

उत्सवास आठ दिवस उरले असतां माजघरांत तालीम चालली होती. नातू सहज वळला, खालचें टोक सुटलें आणि गिटार फरशीवर आपटली. खुंट्यांच्या खालीं, जेथें मान सर्वांत बारीक, तेथें बोटभर तडा गेला. त्याच ठिकाणावर सहा पोलादी तारांचा मिळून सुमारें ७० किलोंचा ताण असतो. आम्ही संतापलों. सर्व मंडळींच्या देखत म्हणालों, "उभें राहण्याचीही अक्कल नाहीं!" त्यानें उत्तर दिलें नाहीं. खालीं बसून त्यानें आधीं एकेक तार सैल केली, मग गिटार उचलली.

रात्रीं झोंप येईना म्हणून दिव्याखालीं पट्टा घेऊन पाहिला. चीर आमच्याच हातची. ती फांकून भोंक इतकें सैल झालें होतें कीं खुंटी त्यांतून नुसती येत-जात होती. घट्टपणा हा त्या भोंकाचा दोष नव्हता. तेंच त्याचें काम होतें.

सकाळीं चहाच्या वेळीं, सर्वजण बसलेले असतां, आम्हीं पट्टा मध्यें ठेवला आणि चीर कोणी वाढविली तें सांगितलें. वर्गांतही आम्हीं कितीदां भलत्याच मुलास बाकावर उभें केलें असेल. पण त्यांपैकीं कोणी परत येऊन तसें सांगितलें नाहीं. नातू एवढेंच म्हणाला, "आजोबा, तडा भरायला सरस आणायला हवा."

सुतारानें तड्यांत सरस भरून, दोन्हीं बाजूंनीं चिमटे आवळून, मान एक दिवस-रात्र तशीच ठेवविली. मानेवरचा ओढा कमी व्हावा म्हणून, मान जेथें पोटास मिळते तेथल्या भरीव लांकडांत दुसरी खुंटी बसविण्याचें ठरलें. कांहीं गिटारींत त्या जागीं आंतून बोल्ट असतो. घरांतल्या फणेरपेटीचा आरसा पोटांत धरून तो नाहीं अशी खातरी केली. मग स्क्रूहून बारीक भोंक पाडलें, स्क्रूस साबण चोळला म्हणजे लांकूड फाटत नाहीं, आणि खुंटीखालीं नमद्याची चकती घातली. चर्मकारानें पट्ट्याचें फाटकें टोक कापून नवें भोंक पाडून दिलें. तेंही चढेना. तो म्हणाला, "मास्तर, चढवतांना बोट दुखलंच पाहिजे." या खेपेस आम्ही चाकूकडे पाहिलें देखील नाहीं.

लांबी नातवानें स्वतः ठरविली. बसून गिटार जेथें येते तेथेंच ती उभें राहिल्यावर यावी, एवढा पट्टा त्यानें ओढून घेतला. मानेवर काळसर रेघ राहिली आहे. सुरांत फरक नाहीं, असें तो म्हणतो.

उत्सवांत आम्ही दुसऱ्या रांगेंत बसलों होतों. तो उभा राहिला, पट्ट्याचें वरचें टोक ओढून पाहिलें, मग खालचें दोनदां ओढून पाहिलें. आमच्याकडे त्यानें पाहिलें नाहीं. मग वाजवूं लागला.