कुंपणाबाहेरची वस्ती

अमेरिकेच्या वायव्य भागात कोलंबिया नदीच्या उत्तर काठावर फोर्ट व्हँकूवर आहे. किल्ला म्हटला तरी दगडी तट नाही. उभ्या ओंडक्यांचे कुंपण. हडसन्स बे कंपनीने 1824-25 च्या हिवाळ्यात कातड्यांच्या व्यापारासाठी तो उभारला. 1866 साली तो जळाला. आज दिसते ती पुनर्बांधणी.

मुलांना इतिहास शिकवणारा व्हिडिओ गेम करायला ही जागा उत्तम. पण खेळणाऱ्या मुलाला बसवायचे कोठे? कुंपणाच्या आत, साहेबाच्या बंगल्यात बसवले तर ते फक्त नफा मोजायला शिकेल.

कष्टकऱ्यांची वस्ती कुंपणाबाहेर होती. हवाई बेटांवरचे, फ्रेंच-कॅनडियन आणि अनेक आदिवासी जमातींचे लोक तेथे राहत. भाषा अनेक, म्हणून सर्वांची मिळून चिनूक वावा ही बोली. गेमची पहिली पायरी हीच असावी: बोलीचे चार शब्द शिकल्याशिवाय शेजारी मदत करणार नाही.

मी कारकून आहे. हिशेबाच्या वहीत मजुराचे नाव आणि मजुरी असते, त्याची चूल नसते. ती उत्खननात सापडते. मातीतून निघालेली फुटकी बशी हातात घेऊन मुलाने विचारावे, ही कोणाच्या घरची?

1845 साली हवाईहून विल्यम कौलेहेलेहे धर्मोपदेशक म्हणून या वस्तीत आले. 1860 साली अमेरिकी लष्कराने त्यांचे घर जाळले. म्हणून खेळाचा शेवट विजयाच्या बिगुलाने नको. त्या घराची जागा मुलाने नकाशावर स्वतः भरावी, नावासकट.