बिनगर्दीच्या रस्त्याचं वेळापत्रक

दोस्तांनो, घरून शाळेत सायकलनं जाताना किती वेळा ब्रेक दाबावा लागतो, मोजलंय कधी? उद्या मोजून बघा. माझ्या आठवीतल्या भाच्यानं मोजलं होतं. दोन किलोमीटरांत एकतीस वेळा! त्यात एक ब्रेक कुत्र्यासाठी, बाकीचे सगळे माणसांसाठी.

"मामा, ब्रेक न दाबता सायकल चालवता येईल असा रस्ता आहे का हो कुठं?" त्यानं विचारलं. म्हणून डिसेंबरात आम्ही दोघं केशोरीला गेलो.

आता नकाशा काढा बरं. महाराष्ट्राच्या अगदी उजव्या टोकाला गोंदिया जिल्हा दिसेल. १९९९ सालापर्यंत हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. त्याच्या दक्षिणेला अर्जुनी मोरगाव तालुका, आणि त्या तालुक्यात, गडचिरोलीच्या जंगलाला खेटून, केशोरी. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेनं अर्जुनीला उतरायचं आणि तिथून पुढं सायकल हाणायची. या सगळ्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. का म्हणतात, ते पहिल्या अर्ध्या तासातच कळतं.

रस्ता म्हणाल तर साधा, एकपदरी डांबरी. एका बाजूला साग, मोह, ऐन, तेंदूची झाडं. दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घातलेलं भाताचं शेत. मधूनच एखादी बोडी, म्हणजे छोटं तळं, आणि तिच्या काठावर एका पायावर ध्यान लावून बसलेला बगळा. चढ-उतार अगदी बेताचे. गिअरची सायकल नसली तरी काही अडत नाही. आमच्याकडे नव्हतीच.

वाटेत प्रतापगड लागतो. डोंगरावर जुना किल्ला, महादेवाचं देऊळ आणि दर्गाही. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत मात्र सायकलीचं नावच काढू नका, पाय ठेवायला जागा नसते! पुढं गोठणगावच्या बाजूला अचानक झाडांमधून रंगीत पताका फडफडताना दिसतात. ही नॉर्गेलिंग, तिबेटी लोकांची वसाहत. १९५९ साली दलाई लामांना तिबेट सोडावं लागलं, त्यांच्यामागोमाग हजारो माणसं भारतात आली. त्यांतल्या काहींना १९७२ साली इथं जमीन मिळाली. बर्फाच्या मुलखातली माणसं वैदर्भीय उन्हात धान पिकवायला शिकली. आम्ही गेलो तेव्हा वसाहत शांत होती. कारण थंडीत इथली पुष्कळ माणसं स्वेटर विकायला निरनिराळ्या शहरांत जातात. तुमच्या गावात फुटपाथवर तिबेटी माणसाकडून स्वेटर घेतला असेल, तर कदाचित तो विकणारा इथलाच असेल, कोण जाणे.

गोठणगावजवळ इटियाडोह धरण आहे. गाढवी नदीवरचं, १९७० साली पूर्ण झालेलं. (नदीचं नाव ऐकून भाचा बराच वेळ हसत होता. गाढवी पुढं वैनगंगेला मिळते, म्हणजे नदी चांगली मोठ्या घरची आहे, हे मी त्याला सांगितलं.) धरणाचं पाणी नहरांमधून अर्जुनीकडं आणि पार वडसा-आरमोरीपर्यंतच्या बांध्यांना जातं. थंडीत पाण्यावर पक्षी उतरतात. जवळच्या नवेगावबांधच्या तलावावर तर विचारूच नका. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तिथं राहिले आणि त्या दिवसांवर त्यांनी एक अख्खं पुस्तक लिहिलं.

इथून केशोरीकडे वळलं की रस्ता आणखी शांत होतो. इतका की स्वतःच्या सायकलची साखळी ऐकू येते. भाचा ओरडला, "मामा, वीस मिनिटं झाली, एकदाही ब्रेक नाही!"

आणि वळणावर कचकन ब्रेक दाबला.

समोर ऐंशी-नव्वद गुरं. रस्ता भरून. मागून काठी खांद्यावर टाकून गुराखी येत होता. इकडं त्याला गायकी म्हणतात. त्याला कसलीही घाई नव्हती, गुरांनाही नव्हती. आम्ही बाजूला उभे राहिलो. थोडं पुढं गेलो तर अर्ध्या रस्त्यावर धान पसरलेलं. त्याच्या पुढं मिरच्या तोडून निघालेल्या बाया डोक्यावर बोजे घेऊन चाललेल्या. केशोरीची मिरची या भागात नावाजलेली आहे. नुसत्या वासानं भाच्याला तीन शिंका आल्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की 'बिनगर्दीचा रस्ता' हे आपलं, शहरातल्यांचं म्हणणं. या रस्त्यावर वाहनं नाहीत, पण रहदारी आहे. आणि तिचं वेळापत्रकही आहे!

बेल्जियममध्ये सायकलवाल्यांसाठी एक छान युक्ती केली आहे. १९९५ साली लिम्बुर्ग प्रांतात सायकलरस्त्यांच्या प्रत्येक फाट्याला नंबर दिला गेला. कल्पना एका खाणअभियंत्याची. जमिनीखाली अंधारात बोगद्यांचे फाटे ओळखायला खाणीत नंबर असत, तेच त्यानं वर आणलं. आता तिथं आणि शेजारच्या नेदरलँड्समध्ये चिठ्ठीवर चार-पाच आकडे लिहून घेतले की दिवसभराची सहल ठरते. रस्ता चुकायची भीती नाही.

भाच्यानं लगेच वही काढली. केशोरीच्या फाट्यांनाही नंबर देऊ म्हणाला. एक नंबर बोडीचा, दोन नंबर मोहाच्या झाडाचा. दिले, पण तेवढ्यानं भागेना. कारण इथं कुठं वळायचं यापेक्षा केव्हा वळायचं हे जास्त महत्त्वाचं. पावसाळ्यात रपट्यावरून नाल्याचं पाणी वाहत असेल, तर कितीही उथळ दिसो, सायकल त्यात घालायची नाही. मे महिन्यात दहाच्या आत सावली गाठायची. सकाळी नवाच्या सुमारास गुरं रानात जातात आणि दिवस कलायला लागला की परततात.

आणि हत्ती. हो, हत्ती! २०२१ साली छत्तीसगडातून एक रानटी कळप गडचिरोलीत आला. २०२२ च्या पावसाळ्याअखेरी तो अर्जुनी मोरगाव तालुक्यात शिरला. धान तुडवलं, नागणडोहसारख्या जंगलातल्या वस्तीत घरं मोडली. शिवाय वाघ-बिबटे आहेतच. नवेगावचं राष्ट्रीय उद्यान २०१३ पासून व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. म्हणून जंगलातल्या रस्त्यावर अंधार पडायच्या आत गाव गाठायचं, आणि निघण्यापूर्वी चहाच्या टपरीवर विचारायचं. आम्ही विचारलं होतं. "चारच्या आत वापस या जी, मंग नोका थांबू," असं उत्तर मिळालं होतं.

तर साडेतीनला माझी सायकल पंक्चर झाली.

घाबरायचं कारण नव्हतं. सोल्युशन, ठिगळं, पाना, पंप, सगळं बरोबर होतं. नाल्याच्या पाण्यात ट्यूब धरली, बुडबुडे दिसले, घासलं, ठिगळ लावलं, हवा भरली. भाच्यासमोर मी जरा ऐटीतच निघालो. दोनशे मीटर गेलो नाही तोच फुस्स! पुन्हा सगळं. पुन्हा फुस्स. चार वाजून गेले. सावल्या रस्ता ओलांडून पलीकडं पोचल्या आणि भाचा एकदम गप्प झाला.

मागून घंटी वाजली. शाळेच्या गणवेशातल्या पाच मुली, एकीमागं एक, सायकलींवर. मागास तालुक्यांतल्या गरजू मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात. आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या मुली. घरी बसावं लागू नये, शाळा सुटू नये म्हणून. त्यातल्याच या सायकली असाव्यात. आम्ही ज्याला सहल म्हणत होतो, ती यांची रोजची वाट.

त्यातली सगळ्यात लहान उतरली. ट्यूबकडं तिनं बघितलंही नाही. टायरच्या आतून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाली, "काटा टायरमंदीच आहे जी, काकाजी." बाभळीचा काटा! मी दोनदा ट्यूब जोडली, पण काटा तसाच आत. मित्रांनो, हे वहीत लिहून ठेवा. मला चाळीस वर्षं सायकल चालवून ते सुचलं नव्हतं.

"इतक्या दूर सायकलनं कायले आले जी? मोटरसायकल नाही का तुमच्याकडं?" तिनं विचारलं. यावर मला चटकन उत्तर देता आलं नाही.

केशोरीचे दिवे दिसेपर्यंत त्या मुली आमच्या पुढं होत्या. एकटीनं पुढं जायचं नाही, कोणी मागं पडलं तर थांबायचं, असा त्यांचा नेम. आमच्यासाठी त्या तीनदा थांबल्या. फाट्यावर वळताना भाच्यानं वही काढून विचारलं, "तुम्ही रोज याच वेळी येता?"

"उद्या नाही," ती म्हणाली. "उद्या शनिवार, सकाळची शाळा."

भाच्यानं ते लिहून घेतलं.