धरणाचं पाणी दुसऱ्याच्या हातात असतं

इंदापूर, डिसेंबर

प्रिय मधुरा,


तिकडे अमेरिकेत डिलनचा जलाशय गोठायला लागलाय आणि यंदा बर्फाला भोक पाडून ट्राउट धरायला जायचा तुझा बेत आहे, असं ताईकडून कळलं. जरूर जा. फक्त त्याआधी उजनी धरणाच्या काठी वाढलेल्या मामाचं थोडं ऐक.

तुझं डिलन नऊ हजार फुटांवर, आपलं उजनी जेमतेम सोळाशे फुटांवर. तिथलं पाणी आपल्या हिशेबाने ११ टीएमसी, इथलं ११७. ट्राउटला थंडगार, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात ती तगायची नाही. इथे चिलापी, कटला, रोहू, आणि नशीब असेल तर मरळ. तरीही दोन्ही पाण्यांचं मूळ एकच, धरण. तिकडे १९६३ साली डेन्व्हरची तहान भागवायला धरण झालं, जुनं डिलन गाव हलवलं आणि पाणी डोंगराखालच्या ३७ किलोमीटरच्या बोगद्यातून शहराकडे निघालं. इकडे १९८० साली उजनी पूर्ण झालं, त्यापायी जुनं भिगवण, जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. दोन्हीकडे पाणी किती ठेवायचं आणि किती सोडायचं, हे काठावरचा माणूस ठरवत नाही.

म्हणूनच धरणावरचा बर्फ तळ्यावरच्या बर्फापेक्षा जास्त फसवा असतो. बर्फाच्या पापुद्र्याला खालून पाण्याचा टेकू असतो. हिवाळ्यात पाणी काढलं की पातळी उतरते, काठाजवळ बर्फाखाली पोकळी राहते, बर्फाला तडे जातात. वरून मात्र सगळं पांढरंशुभ्र, सपाट दिसतं. एका माणसाला चालायला निदान चार इंच जाडीचा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ हवा. हिम भिजून गोठलेला पांढरा बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा. वर भुसभुशीत हिम साचलं असेल तर ते पांघरुणासारखं काम करतं आणि खालचा बर्फ लवकर जाड होत नाही.

आणखी एक. पाणी चार अंशांना सगळ्यात जड होतं, म्हणून ते तळाशी बसतं आणि वर बर्फ असूनही मासा खाली जगतो. ओढे येऊन मिळतात तिथे ताजा प्राणवायू आणि खाद्य मिळतं, तिथे ट्राउट हमखास घुटमळते. पण वाहत्या पाण्याने बर्फ पातळ होतो तोही तिथेच. मासा ओढून नेईल तिकडे जाऊ नकोस. दर थोड्या पावलांवर भोक पाडून जाडी मोज. एकटी जाऊ नकोस, आणि बर्फात रोवून वर यायला टोकदार खिळे गळ्यात अडकव.

आपल्याकडेही हेच घडतं. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी मायनस साठ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही बरंच खाली गेलं होतं. पाणी उतरलं की मासा भीमेच्या जुन्या पात्राकडे गोळा होतो. तिथवर पोचायचं तर मधे वरून वाळलेला, आतून ओला गाळ. बारीक आसाची जाळी लावून पिल्लंसुद्धा उपसली जातात, ती याच दिवसांत. त्याच वर्षी २१ मे रोजी कुगावहून कळाशीला जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. ऑगस्टमध्ये तेच धरण काठोकाठ भरलं.

तू ज्यांच्यात गेली आहेस ते लोक बर्फावर पाय ठेवण्याआधी जाडी मोजतात, याचं मला फार कौतुक वाटतं. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसायचं नाही, वारा सुटला की होडी काढायची नाही, ही शिस्त आपल्या काठावर अजून रुजायची आहे. धरणातून किती पाणी सोडणार हे वर्तमानपत्रात शेतकऱ्यासाठी छापून येतं. ते रोज होडी लोटणाऱ्यालाही तितक्याच आस्थेने सांगायला हवं. पाणी दुसऱ्याच्या हातात आहे, तर निदान त्याची खबर तरी आपल्या हातात हवी.

तेव्हा जाण्याआधी पाणी काढणं चालू आहे का, हे तिथे रोज गळ टाकणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला विचार. तो नको म्हणाला तर मुकाट्याने घरी परत ये.

तुझा,
मामा