‘बर्लिनलाही लागू’

माझ्या मुलीला शाळेत ग्रीनलँडवर बोलायचं होतं. वितळतो तिथला बर्फ, पण हवामानाच्या करारावर सही करतो डेन्मार्क, हे काही तिला पटेना. डेन्मार्कने २०१६ मध्ये पॅरिस करार मंजूर केला तेव्हा ग्रीनलँड त्यातून वगळलेलं होतं. करारात यायचं, असं तिथल्या संसदेने ठरवलं ते २०२३ मध्ये.

हे ऐकून आमच्या शेजारच्या जर्मन आजी उठल्या आणि एक जुनं ओळखपत्र घेऊन आल्या. वय त्र्याऐंशी, पण कागद कुठे ठेवलाय ते पक्कं ठाऊक! भिंतीच्या काळातलं, पश्चिम बर्लिनचं. त्यावर पश्चिम जर्मनीचा गरुड नव्हता. ‘तात्पुरतं ओळखपत्र’ एवढंच छापलेलं.

तुम्ही म्हणाल, असं कसं? तर पश्चिम बर्लिन हा पश्चिम जर्मनीचा भाग नाही, असं १९७१ च्या चार देशांच्या करारात लिहिलं होतं. जगापुढे या शहराच्या वतीने पश्चिम जर्मनीच बोलायचा. पण आंतरराष्ट्रीय करार करताना वेगळं कळवायचा, की हा ‘बर्लिनलाही लागू’ आहे. ओझोनच्या करारातसुद्धा! त्यावर सोव्हिएत संघाच्या तक्रारी यायच्या त्या वेगळ्याच.

सगळ्यात मोठं भांडण झालं १९७४ मध्ये. पश्चिम जर्मनीने आपली पर्यावरणाची सरकारी कचेरी पश्चिम बर्लिनमध्ये उघडली. लगेच पूर्व जर्मनीने जाहीर केलं, या कचेरीच्या माणसांना आम्ही आमच्या रस्त्यावरून जाऊ देणार नाही. आणि बर्लिनला यायचे सगळे रस्ते त्यांच्याच हद्दीतून! इकडे हिवाळ्यात कोळशाचा धूर मात्र भिंतीवरून खुशाल ये-जा करायचा. आजींना तो वास अजून आठवतो. (त्या कचेरीचं मुख्यालय २००५ मध्ये देसाऊला गेलं. म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीतच. गंमत आहे की नाही?)

“आजी, मग तुम्ही मत कुणाला द्यायचात?” मुलीने विचारलं.

“शहराच्या निवडणुकीत द्यायचे. देशाच्या संसदेसाठी पहिलं मत दिलं ते १९९० मध्ये. तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते.”

मुलगी माझ्याकडे वळली. “आणि आई, तू?”

मी चौदा वर्षं इथे राहते, कर भरते. पण पासपोर्ट भारताचा, म्हणून मत नाही. नागरिकत्वाचा अर्ज तीन महिने टेबलावर पडून आहे. जर्मन झाले, तर भारताचा पासपोर्ट परत करावा लागेल. तेवढ्यावर माझं पेन अडलंय.

आजींनी ओळखपत्र पुसलं आणि पाकिटात ठेवलं. “अर्ज घेऊन ये उद्या,” त्या म्हणाल्या. “निदान वाचून तरी बघू.”