दुखतं तिथपर्यंत

कोबॉट आणि टेबल यांच्यामध्ये माणसाचा हात सापडला, तर किती जोर चालेल याचा एक आकडा आहे. १४० न्यूटन. म्हणजे साधारण चौदा किलोचं वजन हातावर ठेवल्यासारखं. पोटासाठी ११०, चेहऱ्यासाठी ६५. हे सगळं आयएसओच्या २०१६ सालच्या टीएस १५०६६ नावाच्या दस्तऐवजात आहे. त्यात दाबाच्याही मर्यादा आहेत. त्या ठरवायला जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठात शंभर धडधाकट माणसांच्या अंगावर २९ ठिकाणी दाब वाढवत नेला आणि तो नेमका कधी दुखायला लागतो, ते नोंदवलं.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा हसलो होतो. आता ते माझं रोजचं काम आहे. आमची पुण्यातली छोटी कंपनी कोबॉट बनवत नाही, दुसऱ्यांच्या लाइनवर नेऊन बसवते. बसवून झालं की स्प्रिंगवालं एक मीटर त्याच्या वाटेत धरायचं, धडक घ्यायची, आकडा बघायचा. जास्त आला तर वेग कमी करायचा.

मोठ्या रोबॉटच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता, कारण तो पिंजऱ्यात असायचा. का असायचा, हे १९७९ मध्ये मिशिगनमधल्या फोर्डच्या कारखान्यात कळलं होतं. तिथं रॉबर्ट विल्यम्स हा कामगार रोबॉटच्या हाताचा फटका बसून गेला. कोबॉट धडक बसली की थांबतो, म्हणून त्याला माणसाशेजारी उभं करता येतं. शब्द १९९६ चा, अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या कोलगेट आणि पेश्किन या दोन प्राध्यापकांच्या कामातून आलेला. गंमत म्हणजे त्यांच्या मूळ कोबॉटमध्ये ढकलायचं काम माणसाचं होतं, यंत्र फक्त वाट दाखवायचं. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबॉट्सनं २००८ मध्ये पहिला कोबॉट विकला तोवर ढकलणारी मोटर यंत्रात आली होती. आपल्याकडे बजाज ऑटोनं २०१० मध्येच सुरुवात केली. चाकणला आज कुणाला कोबॉटचं नवल वाटत नाही.

तिथल्याच एका कारखान्यात (नाव नको) आम्ही ऑइल पंपाच्या स्टेशनवर एक बसवला. पंपाची बॉडी फिक्श्चरमध्ये ठेवायची, गॅस्केट लावायचं, झाकण ठेवायचं, सहा बोल्ट आवळायचे. हे सगळं लातूरकडची एक ताई करायची. शिफ्टला साडेपाचशे पीस. म्हणजे तीन हजार तीनशे वेळा टॉर्क गन, आणि प्रत्येक बोल्टच्या शेवटी मनगटाला एक झटका. रात्री पोळ्या लाटताना हात उचलत नाही, असं ती म्हणायची.

बोल्ट कोबॉटकडे गेले आणि महिन्याभरात तिचं मनगट सुधारलं. कोबॉट नोकऱ्या खातो की नाही यावर तावातावानं बोलणाऱ्यांनी हे मनगटही हिशेबात धरावं, असं मला वाटतं. बायकांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. काम एवढंसं, आणि कौतुकाला सगळे साहेब हजर.

पण टार्गेट साडेसहाशे झालं. एका पिसाला मिळायचे ४७ सेकंद, ते ४० वर आले. फिक्श्चर दोन. एकावर जावईबापू बोल्ट मारतो, तोवर तिनं दुसरं भरायचं. तो घाई करत नाही आणि रेंगाळतही नाही. पूर्वी ती सकाळी पटापट दहा-बारा पीस जास्तीचे काढून ठेवायची, मग दुपारी दोन मिनिटं उभं राहून पाणी प्यायची, गावी मुलाला फोन करायची. ती दोन मिनिटं कुठल्याही शीटवर नव्हती, त्यामुळे ती गेली हेही कुठल्या शीटवर दिसलं नाही.

एकदा मी सर्व्हिसला गेलो तर म्हणाली, ‘‘सर, ह्याला जरा दम खायला सांगता येतंय का?’’

येतं. पेंडंटवर वेगाची पट्टी असते, बोटानं मागे ओढायची. पण पासवर्ड लाइन लीडरकडे. ‘‘ताई, ते माझ्या हातात नाही,’’ म्हणालो. ती मान हलवून पुढचं गॅस्केट लावू लागली. माझ्या मीटरवर तिच्या बोटांचा आकडा नेमका होता. आठ तास चाळीस-चाळीस सेकंदांनी चालणाऱ्या माणसाला कुठं दुखायला लागतं, ते मोजायचं मीटर माझ्या बॅगेत नव्हतं. टीएस १५०६६ मधले ते आकडे फक्त धडकेपुरते आहेत.

खरंतर उपाय अगदी साधा, यंत्रशाळेतला आहे. दोन फिक्श्चरऐवजी सहा खणांचा सरकता ट्रे द्यायचा. ऑपरेटरनं आपल्या चालीनं सहा भरून ठेवावेत, कोबॉटनं आपल्या चालीनं ते संपवावेत. मधली शिल्लक माणसाची. पंपाच्या लाइनवर मी हे सुचवलं, तेव्हा जागा नाही असं उत्तर आलं.

आता मी प्रत्येक कोटेशनमध्ये हा ट्रे वेगळ्या ओळीत टाकतो. खर्च फार नाही, पण पहिल्याच मीटिंगमध्ये बहुधा हीच ओळ कापतात. आमचे सेल्सवाले वैतागतात. भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मात्र ती राहिली; मालक स्वतः पूर्वी मशीनवर उभे राहिलेले. तिथली मुलगी सहा पीस भरते आणि बाटली घेऊन दारात जाऊन उभी राहते. मागे कोबॉट आपला बोल्ट मारत असतो.