तिसरी चौकट

पहिली-दुसरीचे वर्ग सोडून मी सातवीच्या गणिताला आले आणि एक जुनी समजूत हलली. अर्थहीन प्रश्नाला मूल उत्तर देतं ते लहान आहे म्हणून, मोठं झालं की ही सवय आपसूक सुटते, असं मी धरून चालले होते. आता तसं वाटत नाही. वयाबरोबर मुलाला ढोबळ विसंगती ओळखता येते, पण बारीक विसंगती ते पूर्वीच्याच विश्वासानं गिळतं. दोन्ही वेळा त्याचं लक्ष वाक्यापेक्षा विचारणाऱ्याकडे अधिक असतं. फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथल्या गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी १९७९-८०च्या सुमारास सात ते नऊ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी त्या आकड्यांवरूनच वय काढून दिलं. हे ऐकून आपण शिक्षक हळहळतो. पण २६ आणि १०ची बेरीज करून पाहा. छत्तीस हे कप्तानाला शोभणारं वय आहे. सोळा शोभत नाही, दोनशे साठ तर नाहीच. बेरीज निवडणारं मूल बिनडोकपणे वागलेलं नाही. हाती आलेल्या आकड्यांतून त्यातल्या त्यात पटणारं उत्तर त्यानं शोधलं आहे, कारण बाई जे विचारतात त्याला उत्तर असतंच, हे त्याला आपण रोज शिकवलेलं असतं.

यावर आक्षेप येईल की लहान मुलांना विसंगती कळतच नसेल. तसं असतं तर कुत्रा म्याव म्हणतो हे ऐकून तीन वर्षांचं पोर खदखदून हसलं नसतं. रशियन लेखक कोर्नेई चुकोव्स्की यांनी मुलांच्या या उलट्यापालट्याच्या आवडीवर मन लावून लिहिलं आहे : जग सरळ कसं आहे हे पक्कं ठाऊक झालं की मगच मूल ते उलटं करून हसतं. मार्टिन ह्यूज आणि रॉबर्ट ग्रीव्ह यांनी १९८०मध्ये पाच आणि सात वर्षांच्या मुलांना दूध पाण्यापेक्षा मोठं असतं का, अशा धर्तीचे प्रश्न विचारले, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी उत्तरं दिली. सात वर्षांची मुलं तर प्रश्नाला आपल्या पदरचा संदर्भ जोडून तो अर्थपूर्ण करून घेत होती. पुढे वॉटरमन, ब्लेड्स आणि स्पेन्सर यांनी २०००मध्ये दाखवलं की प्रश्न मोकळा असला, म्हणजे पाय न्याहारीला काय खातात असा असला, तर बहुतेक मुलं सरळ ‘माहीत नाही’ म्हणतात. गोंधळ होतो तो ‘हो की नाही’ अशा बंद प्रश्नात. स्वेटर झाडापेक्षा रागीट असतो का, याला मूल ‘नाही’ म्हणतं, आणि नंतर विचारलं तर तो प्रश्नच वेडगळ होता हेही सांगतं. माझं मन या ‘नाही’पाशी अडकून राहिलं आहे. ‘स्वेटर कमी रागीट आहे’ आणि ‘असं विचारतच नाहीत’ हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत, आणि तपासणारी मी त्यातला एकच वाचत आले.

मोठ्या मुलांचं काय? बेल्जियममध्ये १९९४मध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलांना विचारलं गेलं की शंभर मीटर १७ सेकंदांत धावणाऱ्याला एक किलोमीटरला किती वेळ लागेल. बहुतेकांनी १७० लिहिलं. माणूस दमतो, हे या वयाच्या मुलाला कुणी सांगायला नको. मेंढ्या आणि कप्तान यांचं जुळत नाही हे ज्याला कळेल, तेच मूल इथं मान तुकवतं, कारण वाक्य रीतसर आहे आणि गुणाकार तोंडावर आला आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त, वाक्यातून ज्ञान व्हायचं तर पदांना आकांक्षा आणि संनिधी यांबरोबर योग्यताही हवी, असं म्हटलं आहे. विस्तवानं शिंपण करा, हे वाक्य व्याकरणात बसतं, योग्यतेत बसत नाही. ही योग्यता तपासायचं काम आपण गणिताच्या तासाला बंद केलं. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसलं की भागाकार, हे क्लासवाले शिकवतात म्हणून मी त्यांच्यावर वर्षानुवर्षं टीका केली. त्यानं शाब्दिक उदाहरण वाचायची गरजच संपते, हे माझं मत आजही कायम आहे. पण माझ्या वर्गात प्रश्न संपण्याआधी हात वर होत, आणि पाहुण्यांसमोर त्या हातांचा मला फार अभिमान वाटे. वाक्य पुरतं न ऐकता वर झालेले हात होते ते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. असे प्रश्न मुद्दाम घातले तर मूल प्रत्येक उदाहरणावर संशय घेईल, शिक्षकावरचा विश्वास जाईल. शिवाय कूट अभंगातलं आणि भारुडातलं अशक्य वाक्य ज्या मातीत अर्थासाठी गायलं जातं, तिथं अशक्याला झटकून टाकायला का शिकवायचं? दुसरं आधी घेते. भारुड ऐकणाऱ्याला हे अशक्य आहे हे आधी कळतं, म्हणूनच तो खोल अर्थ शोधू लागतो. ज्याला अशक्य खटकतच नाही त्याच्यासाठी कूटही नाही. विश्वासाबद्दल मात्र माझ्याकडे पुरं उत्तर नाही. नुसत्या सूचनेनं भागत नाही : ‘काही प्रश्न चुकीचे असू शकतील’ असं आधी सांगूनही फारसा फरक पडत नसल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. सूचना तोंडी असते आणि गुण कागदावर, मुलं कागदावर विश्वास ठेवतात. म्हणून बदल कागदावरच हवा. पहिलीपासून दहावीपर्यंत जे कुणी प्रश्नपत्रिका काढतात त्यांना माझी विनंती आहे : ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या शेजारी ‘प्रश्न जुळत नाही’ अशी तिसरी चौकट छापा, खाली कारण लिहायला दोन ओळी सोडा, आणि त्या ओळींना उत्तराइतकेच गुण ठेवा.